उसनी चूक

पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटे. लशींच्या कोठारातल्या लांब स्टीलच्या टेबलावर आइसपॅक ओळीने मांडलेले आहेत. फ्रीझरमधून काढल्यावर ते दगडासारखे असतात, वर पांढरी भुकटी. एकावर एक रचायचे नाहीत, दोघांमध्ये बोटभर फट सोडायची आणि थांबायचे. टेबलाशी उभी असलेली बाई थोड्या थोड्या वेळाने एखादा पॅक उचलते, कानाजवळ नेऊन हलवते, परत ठेवते. आत पाणी खळखळले की पॅक लस न्यायच्या पेटीत घालायचा. खळखळले नाही तर बाहेर गाडीचा हॉर्न कितीही बोंबलो, पॅक टेबलावरच राहतो.

लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असते. काही लशी गोठल्या तरी निकामी होतात, हे फार जणांना ठाऊक नसते. कडक पॅक तसाच पेटीत घातला तर त्याला टेकलेली कुपी वाटेत गोठते, पुढे वितळते आणि दिसायला पुन्हा पहिल्यासारखी होते. अशी लस टोचलेल्या बाळाच्या वाट्याला सुईचे दुखणे तेवढे येते.

टेबलाशी उभ्या असलेल्या बाईला कोठारात सगळे स्वेटरबाई म्हणतात. बाहेर डांबर वितळत असले तरी तिच्या अंगात बाह्या उसवलेला तपकिरी स्वेटर असतो, कारण दिवसातून कितीतरी वेळा तिला शीतखोलीत शिरावे लागते. वय छत्तीस. नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासतो. मुलगी चौथीत आहे. दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत तिघे राहतात, आणि काच घासायच्या यंत्राची घरघर जिन्यावरून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येते.

कोठाराच्या साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली, या स्वेटरबाईचा राजीनामा पडून आहे. साहेबांनी तो पुढे पाठवलेला नाही. काल त्यांनी विचारले, "पुढे पाठवू की फाडू? एकदा काय ते सांगा. पेपरवेट मला दुसऱ्या कागदांना लागतो."

तिने सांगितले, "शुक्रवारपर्यंत थांबा."

नव्या नोकरीची बातमी आधीच्या साहेबांकडून आली होती. ते इथून बढतीवर गेले आणि पुढे कितीतरी देशांत लशी पोहोचवणाऱ्या एका संस्थेत लागले. त्या संस्थेला एक प्रशिक्षक हवा होता. देशोदेशी जायचे आणि तिथल्या कोठारवाल्यांना पेटी कशी भरायची, खोलीचे तापमान कसे राखायचे, वीज गेली तर काय करायचे हे शिकवायचे. पदव्यांपेक्षा हाताने केलेल्या कामाला जास्त महत्त्व. आधीच्या साहेबांनी फोन करून दोघींना अर्ज करायला सांगितले, स्वेटरबाईला आणि सिस्टरला.

सिस्टर म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या परिचारिका. बुधवारी डोंगरावरच्या वाडीत जाऊन लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे. स्वेटरबाई नवीन लागली तेव्हा पॅक कानाजवळ धरून हलवायला तिला त्यांनीच शिकवले. आता सिस्टरचे गुडघे गेले आहेत. वाडीवर चढताना त्या दर वळणाला थांबतात आणि "देखावा बघतेय गं" असे म्हणतात. देखावा म्हणजे खाली सिमेंटचा कारखाना. संस्थेच्या जागेला पन्नाशीची अट होती आणि सिस्टर पन्नाशीच्या काठावर होत्या. पुढच्या वर्षी त्यांना हा अर्ज करताच आला नसता.

"मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो," आधीचे साहेब म्हणाले होते. "तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. माझ्या हातून चूक होतच नाही म्हणणाऱ्याला ते चहा पाजतात आणि घरी पाठवतात."

मग घरी तालीम सुरू झाली. मुलगी पट्टी घेऊन खुर्चीवर बसली आणि आवाज जाड करून म्हणाली, "तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा."

"मी कामात फार गुंतून पडते."

"आई, ही चूक नाही. हे तर तू स्वतःचं कौतुक केलंस."

"मग काय सांगू?"

जिन्यातून वर येणारा नवरा म्हणाला, "चूक सापडत नाही? मला विचार की. लग्नापासूनच्या सगळ्या पाठ आहेत."

कोठारातही जेवणाच्या सुट्टीत दोघी एकमेकींना प्रश्न विचारत. सिस्टरची चूक तयार होती. ती कोठारात सगळ्यांना ठाऊक होती, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सिस्टर ती सांगत. डबा पुढ्यात ठेवून त्यांनी ती पुन्हा सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी वाडीवर नेलेल्या पेटीतले पॅक कच्चे होते, न खळखळलेले. मुलांना लस टोचून झाली. संध्याकाळी उरलेल्या एका कुपीच्या तळाशी बर्फाचा काटा दिसला. कोठारात येऊन त्यांनी ती कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी कुपी शेजारी शेजारी हलवून पाहिल्या. दोन्हींमध्ये सारखाच चोथा तळाला बसला. म्हणजे त्या दिवशीची सगळी लस वाया गेली होती. बोभाटा झाला नसता, कुणाला पत्ताही लागला नसता. सिस्टर पुन्हा वाडीवर गेल्या, प्रत्येक दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या चुकीने लस फुकट गेली, पुन्हा टोचावी लागेल. एका बापाने आधी स्वतःच्या पोरांवर प्रयोग करा म्हणून सुनावले. एका बाईने दार लावून घेतले. सिस्टर तिच्या पायरीवर बसून राहिल्या. ऊन कलले तेव्हा ती बाई बाळाला घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "टोचा एकदाचं. पायरी झाडायचीय मला."

ही सांगण्यातली गोष्ट. यातला एक तपशील सिस्टर नेहमी गाळत. ती पेटी त्यांनी भरलेली नव्हती, स्वेटरबाईने भरली होती. गाडी लवकर आली, ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही, आणि नवीन लागलेल्या मुलीने कडक पॅक तसेच पेटीत कोंबले. त्या संध्याकाळी सिस्टर तिला एवढेच म्हणाल्या, "पेटी कुणी भरली हे कुणी विचारणार नाही. सुया मी टोचल्यात." वाडीवर त्या एकट्याच गेल्या. स्वेटरबाईला त्या दिवशी कोठारात हजेरी होती. बदली माणूस मागता आला असता, तिने मागितला नाही.

तालमीत, दोघीच असताना, समोर मीठ-मिरचीशिवाय कुणी नसताना, सिस्टर म्हणाल्या, "माझ्या पेटीतले पॅक कच्चे होते." स्वेटरबाईने मान डोलावली आणि म्हणाली, "चांगली सांगता. फक्त जरा आवरतं घ्या."

मुलाखत शहरातल्या एका कार्यालयात झाली. स्वेटरबाईची सकाळी, सिस्टरची जेवणानंतर. लांब टेबलापलीकडे दोन माणसे होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावर दूरच्या देशातून बोलणाऱ्या एक बाई. कामाचे प्रश्न सोपे गेले. वीज गेली तर काय, फ्रीज नादुरुस्त झाला तर काय, हे तिला झोपेतही सांगता आले असते. मग तो प्रश्न आला. तिने ठरवून ठेवलेली चूक सांगितली. एकदा पेट्यांवर चुकीची तारीख चिकटवली होती, वेळेत लक्षात आले.

टेबलापलीकडच्या एका माणसाने विचारले, "यात कुणाचं काय नुकसान झालं?"

"काही नाही."

"मग दुसरी सांगा. नुकसान झालेली."

पंख्याचा आवाज येत होता. पडद्यावरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मग स्वेटरबाईच्या तोंडून निघाले, "एकदा मी पेटी भरली आणि पॅक कच्चे होते."

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले होते. नवऱ्यालाही सांगितले नव्हते. ते बाहेर पडले आणि तिला हलके वाटले, इतके हलके की ती पुढे बोलत राहिली. बर्फाचा काटा सांगितला, तळाला बसलेला चोथा सांगितला. तिथे थांबायला हवे होते. "मग तुम्ही काय केलंत?" पडद्यावरच्या बाईंनी विचारले, आणि या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही.

"घरोघर गेले," स्वेटरबाई म्हणाली.

पुढचे तिला तोंडपाठ होते. बापाचे बोलणे, लावून घेतलेले दार, पायरी, झाडायची पायरी. तिने हसवायची जागाही चुकवली नाही. टेबलापलीकडचा माणूस हसला आणि त्याने काहीतरी लिहून घेतले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सिस्टर बाकावर बसल्या होत्या. लवकर आल्या होत्या, इस्त्रीची साडी, गुडघ्यावर हात. त्यांनी विचारले, "काय गं, काय काय विचारलं?"

"नेहमीचंच," स्वेटरबाई म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

सगळ्या प्रकरणात तिला सर्वांत जास्त हाच शब्द टोचतो. आत जे झाले त्याला घाबरगुंडी म्हणता येते. कॉरिडॉरमध्ये तिला कुणी प्रश्न विचारून कोंडीत पकडले नव्हते. सिस्टरची वेळ यायला अजून जेवणाची सुट्टी जायची होती. शेजारी बसून "सिस्टर, मी घाण केली, तुम्ही दुसरी चूक सांगा" एवढे म्हणायला पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नसता.

परतीच्या बसमध्ये सिस्टर खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, "माझं काही खरं नाही. तुझं होईल."

"असं कसं म्हणता? तुमचं तर केवढं काम."

"झोप जरा," सिस्टर म्हणाल्या. "मान अवघडेल, माझ्या खांद्यावर टेक हवं तर."

तिने मान टेकली नाही. डोळे मात्र मिटून घेतले.

निवड तिची झाली. कोठारात टाळ्या वाजल्या, ड्रायव्हरने साहेबीण, साहेबीण म्हणून तीनदा दार उघडून दिले. सिस्टर म्हणाल्या, "नवा स्वेटर घे. हा तिकडे घालून गेलीस तर आमची अब्रू जाईल." स्वेटरबाईने राजीनामा लिहून दिला. त्या दिवसापासून तिच्या हातात एक खोड शिरली. पॅक खळखळला तरी तिला खात्री वाटेना. ती पुन्हा हलवी, पुन्हा ठेवी, आणखी थोडे थांबे. एका सकाळी पॅकमधला बर्फ पार वितळून गेला आणि सगळे फ्रीझरमधून नवे काढावे लागले. साहेब म्हणाले, "बाई, अजून गेला नाहीत तोवर आमचं पाणी पाणी करायला लागलात."

घरी तिने नवऱ्याला सांगितले. तो खाली दुकानात काच धरून बसला होता, यंत्र बंद करून त्याने ऐकून घेतले.

"मुलाखतीत लोक काय काय थापा मारतात," तो म्हणाला. "तुझं तर अर्धं खरं होतं. पेटी तूच भरली होतीस ना?"

"तेच तर."

"तेच तर काय? खाई त्याला खवखवे म्हणतात, पण तू खाल्लंस काय? लोक दुसऱ्याचं यश उचलतात. तू चूक उचललीस, तीही तुझीच."

त्याने यंत्र सुरू केले, काच लावली, थोड्या वेळाने पुन्हा बंद केले.

"एक काच बरोबर आणि एक चुकीची घालून चष्मा दिला ना," तो यंत्राकडे बघत म्हणाला, "तर गिऱ्हाईक अर्धं खूश होत नाही. जिन्यावरून पडतं. जा, सिस्टरना सांगून ये."

गेल्या आठवड्यात, अशाच पहाटे, याच टेबलापाशी तिने सांगितले. सिस्टर पेटी न्यायला आल्या होत्या. त्यांनी एक पॅक उचलला, कानाशी हलवला, आणि मध्येच तिला थांबवले.

"मला माहीत आहे गं. त्या दिवसापासून."

"कसं?"

"मी गोष्ट सांगत निम्म्यावर आले तर समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पडद्यातल्या बाईंनी विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आमच्याकडे एक मुलगी आहे, तिची आहे. मी ऐकलेली."

स्वेटरबाई म्हणाली, "असं का सांगितलंत तुम्ही? खरं सांगायचं होतं!"

"का सांगितलं म्हणजे? लाज वाटली. एकाच कोठारातल्या दोघी, एकच पायरी, एकच बाई, आणि दोघी म्हणतायत मी बसले मी बसले. दोघींतली एक खोटी ठरणारच होती. म्हटलं, भांडत बसण्यापेक्षा चार वाजताची बस मिळेल." सिस्टरनी पॅक खाली ठेवला. "आणि फार देवमाणूस समजू नकोस मला. बसमध्ये तुझ्या डोक्यात पर्स घालावी असं वाटत होतं. तू डोळे मिटलेस म्हणून वाचलीस."

"सिस्टर, मला माफ..."

"मला सांगून काय उपयोग? मी थोडीच मुलाखत घेते? सांगायचं तर जिथे खोटं बोललीस तिथे सांग. नाहीतर गप गुमान जा, आणि तिकडच्या लोकांना नीट शिकव. पण अधेमधे लटकू नकोस. रोज सकाळी माझ्यासमोर असं तोंड करून उभी राहू नकोस. पॅक पाणी होतात तुझे." पेटी खांद्याला लावताना त्या वळल्या. "एक मात्र आहे. पेटी तू भरली होतीस हे शेवटी कुणाला तरी सांगितलंस. मला वाटलं होतं, हे गुपित माझ्याबरोबर निवृत्त होणार."

त्या दिवशी दुपारी स्वेटरबाईने जनरेटरच्या खोलीमागे उभे राहून संस्थेला फोन केला. नेमणुकांचे काम बघणाऱ्या बाईंना आधी वाटले, ती पगाराबद्दल विचारते आहे.

"नाही," ती म्हणाली. "मुलाखतीत मी एक गोष्ट सांगितली. पेटी मी भरली होती, तेवढं खरं आहे. पुढचं सगळं सिस्टरनी केलं. त्या घरोघर गेल्या. मी गेले नाही."

मग प्रश्न आला. "म्हणजे दुपारी आलेल्या उमेदवार खरं बोलत होत्या?"

"खरंच बोलत होत्या. फक्त पेटी त्यांनी भरली नव्हती. आणि शेवटी, माझ्याकडून ऐकलं असं म्हणाल्या, ते खोटं होतं."

"एक मिनिट," त्या बाई म्हणाल्या. "मला हे पुन्हा सांगा. हळू."

तिने पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा वाईट वाटले, आणि जनरेटर सुरू झाल्यामुळे शेवटचे वाक्य तिला ओरडून सांगावे लागले. डबे घासत असलेल्या बायकांनी माना वळवून पाहिले. दुसऱ्या दिवशी संस्थेकडून निरोप आला की नेमणूक थांबवली आहे, मुलाखत घेणारे पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पुन्हा बसतील आणि दोन्ही उमेदवारांना त्यानंतर कळवतील. एवढाच.

तिने तो निरोप सिस्टरना वाचून दाखवला. सिस्टरनी "दोन्ही" या शब्दावर भुवया उंचावल्या.

"मला बोलावलं तर मी नाही म्हणेन असं समजू नकोस हं," त्या म्हणाल्या. "जाणार मी. माझे गुडघे तुझ्यासाठी थांबायचे नाहीत."

"जा ना. मी तेच म्हणते."

"तू म्हणायची गरज नाही."

मुलीने घरी विचारले की आईची नोकरी गेली का. नवऱ्याने सांगितले, गेली नाही, आली पण नाही, टेबलावर ठेवलीय, खळखळते का बघतायत. स्वेटरबाईला या विनोदावर हसू आले नाही. मुलीला कळलाच नाही. त्या रात्री जेवताना मात्र तिने मुलीला सगळे सांगितले, पेटीपासून कॉरिडॉरपर्यंत. मुलीने घास थांबवून एकच प्रश्न विचारला, "सिस्टर तुला ओरडल्या?" तिने हो म्हटले. "मग बरं," मुलगी म्हणाली आणि जेवायला लागली.

आज मंगळवार. टेबलावरचे पॅक घाम धरू लागले आहेत. स्वेटरबाई पहिला पॅक कानाशी नेते, खळखळ ऐकते आणि एकदाच ऐकून पेटीत घालते. सिस्टर दारातूनच विचारतात, "वाजतायत का?"

"वाजतायत."

"उद्यासाठी बदली माणूस मिळाला?"

"मिळाला. साहेबांनी सही केली."

कोठारात उद्या दिवसभर साहेबांचा कारकून बसणार आहे. पेटीवर नेणाऱ्याचे नाव चिकटवायची इथे पद्धत आहे, आणि बुधवारच्या पेटीवर आतापर्यंत सिस्टरचेच नाव असे. उद्याच्या पेटीवर दोन नावे आहेत. टोचणार सिस्टर, उचलणार स्वेटरबाई. वाडीवर ती पहिल्यांदाच जाते आहे. आइसपॅक नेहमीच्या वेळी बाहेर काढले जातील आणि गाडी साडेसहाला सुटेल, पॅक तोवर खळखळले असतील तर.